दोन टाके मागं

वन्सं, काल दुपारी मी तुम्हाला फोन लावला.

वेड लागलं म्हणा. ओढ्यावरच्या साकवावर वेल्डिंग करत बसले होते. कठड्याच्या सांध्याला पुन्हा भोकं पडली होती, धिरड्याला जाळी पडते तशी. तोंडावरची काच वर सारली, हातमोजा दातांनी ओढून काढला आणि सवयीनं तुमचं नाव दाबलं. फोन कानाला लावलाच नाही, मशीनजवळ धरला. "बोलू नगंस, ऐकव," असं म्हणायचात ना तुम्ही. मी कान्हे फाट्याच्या आपल्या शेडमध्ये आणि तुम्ही वराळ्याला कंपनीत डबा खात बसलेल्या. तिथून नुसतं ऐकून सांगायचात, "वायर लय सुटतीया, कमी कर." आणि ते खरं निघायचं. मला राग यायचा त्याचा.

घंटी बरीच वाजली. मग फोनमधून आवाज आला, "कोन?"

तुमची आई, माझ्या आत्याबाई. तुम्ही गेल्यापासून तुमचा फोन आत्याबाईंच्या पिशवीत असतो. रोज तुमच्या भावाकडून चार्ज करून घेतात आणि परत पिशवीत ठेवतात. कोणी काढून घ्यायला धजावत नाही.

"मी सुरेखा," मी म्हटलं.

"ती न्हाई हितं," आत्याबाई म्हणाल्या.

जणू तुम्ही दळण आणायला गेला आहात. आता येईल, मग लाव म्हणावं. सव्वा महिना झाला वन्सं, आणि आम्ही दोघी बायका अशा बोलतो आहोत. तोंडातून निघून गेलं, "वारा लय आहे हो इथं." फोन बंद झाला.

नणंद माहेरी कायमची राहायला आली की भावजयीच्या पोटात गोळा येतो. माझ्याही आला होता, आज लपवून काय करू? आपलं सख्य विळ्या-भोपळ्याचंच असणार असं सगळ्या आळीनं ठरवून टाकलं होतं, आणि पहिली दोन वर्षं आपण त्यांना नाराजही केलं नाही. तुम्ही कंपनीतून यायचात त्या निळ्या शर्टाला ठिणग्यांची बारीक भोकं घेऊन, आणि मी ती शिवणाच्या मशीनवर रफू करायचे, कुरकुरत. माझं शिवणकाम तेव्हा चालत होतं. मग तयार कपड्यांची दुकानं फाट्यापर्यंत आली आणि माझ्याकडे फक्त साडीला फॉल लावायला येऊ लागले. मी तीन दिवस मशीनवर आच्छादन घालून बसले होते. चौथ्या दिवशी तुम्ही म्हणालात, "चल शेडवर. तुला टाके मारता येत्यात का न्हाई? मंग झालं."

मला वाटलं, थट्टा करताय. पण तुम्ही मला खरंच शिवणाच्या भाषेतच शिकवलंत. वेल्डिंग मशीनचं झाकण उघडून तारेचं रीळ दाखवलंत. "ही तुझी बॉबिन." ते दोन रोलर, ज्यांच्यामधून तार पुढे सरकते. "हा ताण. लय दाबलास तर तार चेपती, सैल सोडलास तर घसरती. दोऱ्याचा ताण कसा बगतीस? तसाच." मी पहिल्याच दिवशी स्क्रू करकचून आवळला. तार जिच्यातून बाहेर येते त्या गनच्या टोकाला ती अडकली, मागून रोलर ढकलत राहिले आणि मशीनच्या पोटात तारेचा असा गुंता झाला की सुगरणीचा खोपा परवडला. मी घाबरून बटण दाबतच राहिले. तुम्ही शांतपणे प्लग काढलात, पक्कड दिलीत आणि म्हणालात, "आता उसव." तासभर उसवत बसले होते. टोकाची पितळी टिप ठिणग्यांनी बुजली होती म्हणून तार अडकली, हे तुम्ही तास संपल्यावर सांगितलंत. आधी सांगितलं असतं तर मी विसरले असते, असं तुमचं म्हणणं. यावरून आपण किती भांडलो! मला अजूनही वाटतं, आधी सांगायला हवं होतं.

तार टिपेच्या बाहेर किती ठेवायची, तर करंगळीच्या नखाहून जरा जास्त. अर्थिंगचा चिमटा रंगावर लावायचा नाही, आधी लोखंड उघडं करायचं. पाइप ओला, गंजका, तेलकट असला तर आधी घासायचा, "मळक्या कापडावर शिवतीस का?" हे सगळं मला पाठ झालं. एक गोष्ट मात्र डोक्यात शिरेना, ती म्हणजे आवाज. वायरचा वेग आणि व्होल्टेज जुळले की एकसारखा चर्र आवाज येतो म्हणे. माझा कधी फटफट यायचा, कधी नुसता फुस्स.

तेव्हा तुम्ही मला लोणावळ्याला नेलंत. एका बंगल्याच्या गॅलरीची जाळी पोचवायची होती. परतताना माझ्या मनात होतं, आता आलोच आहोत तर जरा दरीबिरी बघू. तुम्ही टेम्पो थांबवलात तो भजीच्या गाडीशी. गाडीवाल्यानं कढईत कांदाभजीचा घाणा सोडला आणि तुम्ही माझ्या खांद्यावर हात ठेवलात. "डोळे मीट. ऐक." मी आपली भर रस्त्यात डोळे मिटून उभी. "लगेच सोडल्यावर येतो त्यो न्हाई. जरा थांब. हां, ह्यो. ह्यो पायजे." गाडीवाला आमच्याकडे बघत राहिला. शेवटी म्हणाला, "ताई, भजी देऊ का नुसतं ऐकनार?" तुम्ही इतक्या हसलात की खोकला आला. तेव्हा तो खोकला हसण्याचाच होता. निदान मी तसंच समजले.

दुसऱ्या दिवशी शेडमध्ये मी बटणं फिरवत गेले, फिरवत गेले, आणि एकदम तो आवाज लागला. तुम्ही पाठ करून ग्राइंडर चालवत होतात, तो बंद केलात. वळून बघितलं नाहीत. "खा आता भजी," एवढंच म्हणालात. माझ्या अख्ख्या आयुष्यात मला कोणी शाबासकी दिली असेल तर ती हीच.

गॅसला तुम्ही आडोसा म्हणायचात. वितळलेल्या लोखंडाला हवा लागली की त्यात बुडबुडे अडकतात, म्हणून गनमधून तारेभोवती गॅस सोडायचा, हवेला आत येऊ द्यायचं नाही. टाकीवरच्या काचेच्या नळीत एक गोळी तरंगते, ती बारावर ठेवायची. माझी नेहमीची चूक कोणती, तर टाक्याला भोकं पडली की मी धावत जाऊन गोळी वर चढवायची. पंधरा, वीस, पंचवीस. भोकं वाढायचीच. तुम्ही दर वेळी ती खाली आणायचात. "लय सोडलास तर गॅसच गरगरतो आन् भायेरची हवा वढून घेतो. आडोसा फार केला की वारा शिरतो, सुरेखे. भोक पडलं तर आदी बग वारा कुटनं येतोय." मला हे पटायचं नाही. कमी पडलं तर जास्त घालावं, आमटीत मीठ घालतो तसं. आणि जास्त झालं की बटाटा घालून खाली आणता येतं.

या साकवावरूनही आपण भांडलो. गावच्या ओढ्यावरचा हा साकव, त्याचा जुना कठडा कुजून पडलेला. शाळेच्या पोरी, भाताचे भारे घेतलेल्या बाया, सगळ्या त्याच्यावरून जातात. पावसाळ्यात ओढा फळीला लागतो. तुम्ही कठडा करून द्यायचं कबूल केलंत आणि मी म्हटलं, उघड्यावरचं काम आहे, वारा आहे, साधं रॉडचं वेल्डिंग करा. रॉडला स्वतःचाच लेप असतो, त्याला गॅस नको, आडोसा नको. गॅसची टाकी आणि मशीन टेम्पोत घालून डोंगरात न्यायचं, गिरणीतून लाइट ओढायची, हा कोणता शहाणपणा? गावातल्यांनीही तेच म्हटलं. तुम्ही ऐकलं नाहीत. "गॅसवरच करायचं," म्हणालात. का, ते सांगितलं नाहीत. मी दोन दिवस अबोला धरला. तुम्हाला रॉड तर डोळे मिटून यायचा, मग हा हट्ट कशापायी, या विचारानं मी नुसती धुमसत होते.

पहिली बाजू तुम्ही केलीत. मी वाऱ्याच्या बाजूला अंगावर घोंगडी पांघरून, हात पसरून उभी राहायचे आणि तुम्ही माझ्या सावलीत बसून सांधे मारायचात. लोकरीची घोंगडी, ठिणगी पडली तरी पेटत नाही. गावातली माणसं येता-जाता म्हणायची, "नणंदेला भावजयीनं आडोसा दिलाय, बगा नवल." नाकाला लावायची चांगली पट्टी एकच होती. ती तुम्ही मला दिली होतीत, शिकतेस, धुरात तोंड घालतेस म्हणून. तुम्ही पदर बांधायचात. मी ती घेतली. मी ती घेतली, वन्सं, आणि दुसरी आणायची रोज विसरले.

मग तुम्ही दुसऱ्या बाजूचा पहिला सांधा धरलात. अर्धा मारून थांबलात. खोकलात, पाणी प्यायलात आणि गन माझ्या हातात द्यायला लागलात. "ही बाजू तुजी." मी म्हटलं, हा एवढा पुरा करा, पुढचे मी करते. तुम्ही हसून म्हणालात, "बरं. उद्या." रात्रीतून अंगात ताप भरला.

दवाखान्यातलं मला काहीच लिहायचं नव्हतं. पण ते लिहिल्याशिवाय पुढे सरकता येत नाही. तळेगावच्या त्या वॉर्डात तुमच्या उशाशी भिंतीवर ऑक्सिजनला तीच काचेची नळी होती आणि तीच गोळी. मी आधी गोळी कितीवर आहे तेच वाचलं. डॉक्टरांनी विचारलं, धुरात काम करायच्या का? मी हो म्हटलं. आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. ती नजर अजून माझ्या पाठीवर आहे. दुसऱ्या दिवशी तुमचा श्वास आणखी वर लागला आणि मी सिस्टरच्या मागे लागले, गोळी वर घ्या, आणखी वर घ्या. ती बिचारी सांगत होती, जेवढं द्यायचं तेवढं चालू आहे, वाढवून उपयोग नाही. मी तिच्याशी भांडले. आणि तुम्ही मास्क बाजूला सारलात. तेवढ्या धापेत तुम्हाला तेच बोलायचं होतं! "आडोसा फार केला की..."

मी पुरं बोलू दिलं नाही. "हे वेल्डिंग नाहीये वन्सं! सगळं तुम्हालाच कळतं ना? गप पडा जरा."

तुम्ही गप पडलात. मी मास्क नीट बसवला आणि घरून तुमचं कसलंसं कार्ड आणायला निघून गेले. परत आले तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, खाट मोकळी होती आणि नळीतली गोळी खाली जाऊन बसली होती.

"गप पडा" हे माझं तुमच्याशी शेवटचं बोलणं. आता मी काय करू, सांगा. कुठे उसवू हे?

दिवसकार्य झालं आणि मी कामाला लागले, कारण घरात बसवत नव्हतं. आत्याबाई माझ्याशी बोलत नव्हत्या. "त्या ठिणग्यांनी खाल्ली माजी पोर," एवढंच एकदा भिंतीकडे बघून म्हणाल्या. तुम्ही अर्धा सोडलेला सांधा मी तसाच ठेवला आणि पुढचे धरले. प्रत्येकाला भोकं. अर्थिंग तपासलं. टिप बदलली. रोलर पुसले. पाइप आरशासारखा घासला. टाकी संपत आली असेल म्हणून नवी आणली. आणि गोळी? गोळी मी वरच नेत राहिले, वन्सं. मला माहीत होतं तरी. हात आपोआप जायचा. भोकं पडली की आधी वारा बघ, हे तुम्ही शंभरदा सांगितलंय. वारा मला दिसत होता, गालावर लागत होता. पण मी गन धरू का आडोशाला उभी राहू? ताडपत्री बांधली, ती फडफडून सुटली. घोंगडी काठीला लावली, ती ओढ्यात गेली. भिजलेली काढून घरी नेऊन वाळत टाकली. तुमचा भाऊ गाडीवर जातो, त्याला किती दिवस उभं करणार? गावातले म्हणू लागले, वडगावहून रॉडवाला आणतो, पाऊस तोंडावर आलाय. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी म्हटलं, दोन दिवस द्या.

आणि मग एकदा तशीच बसले असताना मला कळलं, तुम्ही गॅसवरच का अडून बसला होतात. मला रॉड येत नाही. मला फक्त गॅसवरचं येतं. तुम्ही रॉडनं केला असता तर कठडा अख्खा तुमचा झाला असता, आणि दुसरी बाजू माझी करायला तुम्हाला कारण राहिलं नसतं. हे एवढंसं तोंडानं सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? मी दोन दिवस अबोला तरी धरला नसता. पण तुमची रीतच ती. आधी गुंता होऊ द्यायचा, मग कारण सांगायचं. या वेळी तेवढं सांगायला थांबला नाहीत.

तर काल मी फोन ठेवून तशीच बसले होते. सामान आवरावं आणि रॉडवाल्याला येऊ द्यावं, असंच मनात होतं. अर्ध्या तासानं काठीचा आवाज आला. आत्याबाई. ऊन डोक्यावर, चढ एवढा, आणि ही बाई एका हातात काठी आणि खांद्यावर ती वाळलेली घोंगडी घेऊन आली होती. तुमच्या कामाच्या जागी त्या जन्मात कधी आल्या नव्हत्या. शेडच्या बाहेर उभं राहूनसुद्धा आत बघायच्या नाहीत.

"कुटनं येतोय वारा?" त्यांनी विचारलं.

मी वरच्या अंगाला बोट दाखवलं. त्या तिथे जाऊन उभ्या राहिल्या. घोंगडी डोक्यावरून घेतली, दोन्ही हातांनी पसरली.

"आत्याबाई, नाकाला हे लावा," मी माझी पट्टी काढून दिली. "आणि तोंड तिकडं करा. उजेडाकडं बघू नका."

"आन् तुला?"

"दुसरी आहे." खरंच होती. आता आणली आहे मी दुसरी. आता.

मी गोळी बारावर आणली. आणि हात काढून घेतला. पुढच्या सांध्यांकडे गेले नाही. तुमच्या अर्ध्या सांध्यापाशी बसले. तुम्ही थांबला होतात तिथे टाक्याच्या टोकाला बारीक खळगा होता. तुम्ही शिकवलं होतंत, "जितं संपलं तितनंच फुडं जाऊ नगंस. दिसंल धरल्यावानी, पर धरनार न्हाई. शिवताना दोन टाके मागं घेतीस का न्हाई? तसं मागं ये, जुनं वितळू दे, मंग फुडं जा." मला ते माहीत होतं म्हणूनच मी महिनाभर त्या सांध्याला हात लावला नव्हता. तुमच्या हातचं ते शेवटचं. ते वितळवायचं कसं?

काच खाली केली आणि गन धरली. दोन टाके मागं आले, तुमचं लोखंड लाल झालं, हललं, आणि मी पुढे सरकले. रडत होते, काचेच्या आत कोणाला दिसतंय. आवाज लागलाय की नाही याकडे माझं लक्षच नव्हतं.

घोंगडीआडून आत्याबाई म्हणाल्या, "काय गं सुरेखे, भजी तळल्यावानी काय वाजतंय?"

वन्सं, तुम्ही त्यांना हे कधी सांगितलं होतंत का? त्या नाही म्हणतात. मीही कधी बोलले नव्हते.

एक भोक नव्हतं. लोखंड निवेपर्यंत आम्ही दोघी फळीवर बसून राहिलो. मग आत्याबाईंनी हात पुढे केला आणि सांध्यावरून बोटं फिरवली, एकदा इकडून, एकदा तिकडून. परत इकडून.

"तिचं कुटपातुर हाय," त्यांनी विचारलं, "आन् तुजं कुटनं?"

मी वाकून बघितलं. डोळे पुसून परत बघितलं. वन्सं, मला दाखवता आलं नाही.